वापरलेल्या रायफल पुंगळ्या: बुडाजवळची चीर परत परत का येते आणि माल घेताना काय बघायचं

तक्रार अशी आहे. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या (बार उडाल्यावर मागं राहतो तो भाग) विकत घेतल्या, धुतल्या, डायमधून, म्हणजे फुगलेली पुंगळी परत मापात आवळणाऱ्या साच्यातून, काढल्या, दारू-गोळी घालून परत भरल्या. पहिल्या खेपेला सगळं व्यवस्थित. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला बुडाच्या थोडं वर गोल चीर दिसायला लागते. एखादी तर तिथंच तुटते आणि पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेत, अडकून बसतो. पिशवी बदलली, विकणारा बदलला, तरी काही दिवसांनी परत तेच.

तक्रार माझ्या भाच्याची. तो टेक्सासात असतो, शेतात घुसणाऱ्या रानडुकरांच्या शिकारीला मित्रांबरोबर जातो आणि काडतुसं घरी भरतो. तिकडं स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही, त्यामुळं गॅरेजमध्ये प्रेस बसवलेला असणं ही मामुली गोष्ट. मी इथं कोल्हापुरात. नोकरीची सगळी वर्षं उद्यमनगर आणि शिरोलीत प्रेस टूल आणि डीप ड्रॉइंगमध्ये गेली. बंदुकीतलं मला त्याच्याकडूनच कळलं, पण पितळ कसं वागतं ते मी बघत आलोय. "मामा, परत तसंच झालं" असा मेसेज आणि सोबत फोटो आला की आमचं फोनवर सुरू होतं. त्यातनं जे हाती लागलं ते एका जागी लिहून ठेवतोय, कारण मराठी घरातली बरीच पोरं आता तिकडं हा नाद करतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट. भारतात हे घरी करायचं काम नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तीत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात, आणि परवान्याशिवाय तो बनवणं कलम ५ खाली बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही फार कडक झाली. तिकडून येताना 'आठवण म्हणून' पुंगळी बॅगेत टाकून आणायची हौस तर मुळीच करू नका. विमानतळावर एक्सरेत ती दिसते आणि मग सुट्टीतले दिवस पोलीस चौकीत जातात. खाली जे लिहिलंय ते जिथं हे कायदेशीर आहे तिथल्यांसाठी.

आता मुद्द्यावर येतो.

आधी पितळ समजून घ्या

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पितळांत इतकं ओढलं जाणारं मिश्रण दुसरं नाही, म्हणून प्रेसवाल्यांचंही ते आवडतं. जाड पत्र्याची चकती कापतात, तिचा कप करतात, तो कप टप्प्याटप्प्यानं ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत घालून मऊ करावं लागतं. आपल्याकडं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, १८६९ पासून, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला हेच काम चालतं.

शेवटी जी वस्तू तयार होते ती एकसारखी नसते, आणि मुद्दामच नसते. बूड जाड आणि कडक. मधलं अंग निमुळतं, वर जाईल तसं पातळ. खांदा, म्हणजे पुंगळी अरुंद होते तो उतार, आणि मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं तोंड, मऊ. लष्करी पुंगळीच्या मानेवर जो निळसर-तांबूस झळाळीचा पट्टा दिसतो, तो शेवटच्या तापवणीचा. व्यापारी कंपन्या तो पॉलिश करून काढतात, लष्कर तसाच ठेवतं. बरेच नवखे लोक तो डाग समजून नाक मुरडतात. वास्तविक तो तिथं असणं ही चांगली खूण आहे.

बार उडतो तेव्हा .३०८ मध्ये दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो. पुढचं पातळ अंग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. बूड मात्र जाड असल्यामुळं चिकटत नाही, ते मागं बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडापर्यंत ढकललं जातं. पुढचा भाग धरून ठेवलेला आणि मागचा ढकललेला, म्हणजे ताण येतो तो दोघांच्या मध्ये, बुडाच्या जाडीपाशी. तिथं पितळ लांबतं आणि पातळ होतं. मग तुम्ही पुंगळी डायमध्ये घालून खांदा मागं ढकलता, पुढच्या बाराला ती परत लांबते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. चिरेची जागा कधी बदलत नाही ती यामुळंच.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ही लांबण कुणाच्या घरी झाली. तुमच्या, का आधीच्या मालकाच्या?

दोष मालाचा का डायचा, हे आधी ठरवा

इथं बहुतेक जण घाई करतात. तुटलेली पुंगळी दिसली की विकणाऱ्याला शिव्या. विकणारा म्हणतो तुमचा प्रेस नीट लावलेला नाही. दोघांपैकी कोण खरं, हे वाद घालून कळत नाही.

कारखान्यातली नवी काडतुसं एक डबा घ्या आणि आपल्याच रायफलीतून उडवा. त्याच पुंगळ्या वेगळ्या ठेवा, त्याच डायमधून काढा, परत परत भरून वापरा. त्यासोबत विकत घेतलेल्या जुन्या मालातल्या तेवढ्याच पुंगळ्या चालवा. नव्या टिकल्या आणि जुन्याच फाटल्या, तर दोष मालाच्या इतिहासात. नव्याही तीन-चार भरणीत फाटायला लागल्या, तर मालाला बोल लावू नका. एक तर डाय फार खाली बसवलेली आहे, नाही तर रायफलीचं हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमधल्या खांद्याच्या टेकापर्यंतचं अंतर, वाढलंय. दुसरी शंका असेल तर बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडं जाऊन ते अंतर तपासणारे गो आणि नो-गो गेज लावून घ्या. ते काम अंदाजानं करायचं नाही.

भाच्याच्या बाबतीत दोन्ही निघालं. माल थकलेला होता आणि डायही जास्त खाली होती. आधीच पातळ झालेली पुंगळी त्याच्या हातात येत होती आणि तो तिला दर खेपेला गरजेपेक्षा जास्त ढकलत होता. यातलं एकच दुरुस्त केलं असतं तर तक्रार कमी झाली असती, बंद झाली नसती. परत परत येणाऱ्या बिघाडात असं दुहेरी कारण फार वेळा असतं. म्हणून पहिला दोष सापडला की तपास थांबवू नका.

तारेची परीक्षा

बाहेरून चीर दिसते तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी बुडाच्या वर, साधारण पाव इंचावर, एक चकचकीत बारीक कडं दिसायला लागतं. पण डायच्या खुणेमुळंही तिथं चमक येते, त्यामुळं नुसत्या नजरेवर जाऊ नका.

एक कागदाची क्लिप सरळ करा. टोकाला दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा आणि ते टोक कानशीनं अणकुचीदार करा. पुंगळीच्या मानेतून आत सोडा, तळाला टेकवा, मग टोक आतल्या भिंतीला हलकं दाबून वर ओढा. चांगल्या पुंगळीत बुडाच्या जाडीवरून टोक सरसर वर येतं, उतार जाणवतो, अडखळत नाही. थकलेल्या पुंगळीत एका जागी टोक 'टक' करून खाचेत पडतं. बोटाला कळतं, कधी कधी ऐकूही येतं. पुंगळी फिरवून दुसऱ्या बाजूनं परत ओढा. कुठल्याही बाजूला खाच लागली तर ती पुंगळी बाद.

विश्वास बसत नसेल तर खाच लागलेली एक आणि न लागलेली एक, दोन्ही हॅक्सॉनं उभ्या चिरा. भाच्यानं चिरून फोटो पाठवला तेव्हा जाड बुडाच्या लगेच वर भिंत कुरतडल्यासारखी बारीक झालेली स्पष्ट दिसत होती. बाहेरून त्या पुंगळीवर एक ओरखडाही नव्हता.

पुंगळी तुटली की मागचा गरम वायू बोल्टकडं येतो. चष्म्याशिवाय गोळी झाडू नका, हे तिकडच्या प्रत्येक रेंजवर सांगतात, ते उगाच नाही. आणि पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकलाच तर तो काढायचं वेगळं हत्यार मिळतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटून चेंबरवर चरे पाडू नका.

डाय किती खाली?

डायच्या डब्यातल्या कागदावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की डाय शेल होल्डरला, म्हणजे प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला, टेकेपर्यंत खाली आणा आणि त्यानंतर अजून थोडी खाली फिरवा. कंपनी असं सांगते कारण त्यानं पुंगळी कुठल्याही रायफलीत बसते. पण तुमची रायफल 'कुठलीही' नाही, ती एकच आहे.

खांद्यापर्यंतचं माप घेणारा कम्पॅरेटर व्हर्नियरला लावा. आपल्या रायफलीत उडालेली पुंगळी मोजा, प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी, काढून, नाही तर उठलेला प्रायमर माप बिघडवतो. आता डाय थोडी थोडी खाली आणत, डायमधून काढलेली पुंगळी त्या मापापेक्षा दोन थाऊ, म्हणजे ०.००२ इंच किंवा ०.०५ मिमी, कमी भरेल तिथं नट आवळा. बोल्टच्या रायफलीला एवढं पुरतं. आपोआप भरणाऱ्या रायफलीला तीन-चार थाऊ ठेवतात, कारण तिथं बोल्ट हातानं दाबून बंद होत नाही. कागदात लिहिल्यासारखी डाय बसवली की पाच-सहा थाऊ किंवा त्याहूनही जास्त ढकललं जातं, आणि दर बाराला तेवढी लांबण बुडाजवळून वसूल होते.

वंगण लावताना हात आखडू नका. पण खांद्यावर वंगणाचा थर बसला तर तिथं खळगे पडतात. खळगा पडला म्हणजे माल खराब असं नाही, नुसतं वंगण जास्त झालंय.

मान फाटते

हा दुसरा नेहमीचा प्रकार. मानेवर उभी चीर. बुडाजवळच्या चिरेइतकी धोक्याची नसते, पण पुंगळी गेलीच. कारण सरळ आहे. मान प्रत्येक बाराला फुगते, डायमध्ये आवळली जाते, डायच्या आतल्या गोलकानं परत ताणली जाते. पितळ कडक होत होत ठिसूळ होतं. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्यांत हे लवकर होतं.

उपाय म्हणजे अॅनिलिंग, मान आणि खांदा तेवढा तापवून मऊ करणं. इथं मी आवाज चढवून बोलतो, कारण भट्टीपाशी उभं राहून केलेलं काम आहे. तापवायची ती फक्त मान आणि खांदा. बुडाला उष्णता जाता कामा नये. कडक बूड मऊ झालं तर दाबाखाली ते पसरतं, आणि मग काय होतं ते बघायला तुम्ही जागेवर नसलेलं बरं. तापमान दाखवणारे रंग मिळतात. साधारण ४०० अंश सेल्सिअसला वितळणारा मानेच्या आत लावा, २३० अंशांचा खांद्याच्या खाली बाहेरून लावा. आतला वितळला पाहिजे, बाहेरचा वितळता कामा नये. हातातल्या गॅस टॉर्चनं ते काही सेकंदांचं काम आहे. पुंगळ्या ओव्हनमध्ये घालून 'सगळ्या एकदम मऊ करून घेऊ' असं कुणी सुचवलं, तर त्याच्या हातचं काडतूस वापरू नका. शेकोटीत किंवा आगीत सापडलेल्या पुंगळ्याही याच कारणानं थेट मोडीत.

पण मान फाटण्याचा एक प्रकार असा आहे की त्यात बारही उडालेला नसतो. भरून डब्यात ठेवलेली काडतुसं काही महिन्यांनी बघावी तर मानेला चिरा. भाचा चक्रावला होता, मला मात्र ओळख पटली.

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत हेच व्हायचं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. ऋतूनुसार येणारी चीर म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव दिलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याची मीमांसा मांडली. घोड्याच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि ओढकामानं पितळात साठून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की कणांच्या सीमारेषांवरून चीर चालत जाते. त्यातला एक घटक काढला तरी चीर थांबते. कारखान्यात म्हणून ओढकामानंतर अडीचशे-तीनशे अंशांच्या मंद आचेवर ताण उतरवतात.

कोल्हापुरात हे बघायला इतिहासात जावं लागत नाही. ओळखीतल्या एकाच्या शेडला लागून म्हशींचा गोठा होता. पावसाळ्यात पितळी टोप्यांचा ओढलेला माल पोत्यात भरून त्या भिंतीला लावला होता. दसऱ्याच्या सुमाराला पोतं सोडलं तर टोप्यांच्या काठांना उभ्या चिरा, कुणी हात न लावता. गिऱ्हाईक म्हणालं तुमचा पत्राच खराब. पत्रा चांगला होता, भिंतीपलीकडच्या म्हशी आणि न उतरवलेला ताण नडला.

भाच्याच्या गॅरेजात म्हैस नव्हती. पुंगळ्या चकाकाव्यात म्हणून तो त्या पितळ पॉलिशच्या द्रवानं घासत होता, आणि त्या द्रवात अमोनिया होता. अशा पॉलिशच्या बाटल्या उघडल्या की नाकात जो झोंबतो तो वास तोच. पुंगळ्यांना असं पॉलिश कधीच लावायचं नाही. खताची पोती, मांजराच्या लघवीची वाळू, काच पुसायचे काही द्रव, यांच्या शेजारीही साठवायच्या नाहीत.

प्रायमर बसत नाही, किंवा फारच सहज बसतो

बसतच नसेल तर बहुधा माल लष्करी आहे. लष्करात प्रायमर निसटू नये म्हणून खोबणीच्या कडेला दाबून कडं मारलेलं असतं. ते एकदा स्वेजरनं दाबून किंवा रीमरनं कापून काढलं की काम झालं. रीमर हातचा राखून फिरवा, खोबण मोठी झाली तर परत लहान होत नाही.

फार सहज बसत असेल, अंगठ्यानं दाबून आत जात असेल, तर खोबण ढिली झालीय. त्या पुंगळीनं आधी जास्त दाब खाल्लाय. बाद करा, हळहळू नका. ढिल्या खोबणीतून निसटणारा वायू बोल्टच्या तोंडावर खड्डे पाडतो.

आणि प्रायमर ढकलून काढणारी डायची पिन मोडली तर पुंगळीच्या आत बॅटरी मारून बघा. मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर पद्धत, ही भरता येते. बाजूला दोन बारीक भोकं आणि मध्ये उंचवटा दिसला तर बर्डन, ती बाजूला ठेवा. गंमत अशी की बॉक्सर होता इंग्रज आणि त्याची पद्धत चालते अमेरिकेत, बर्डन होता अमेरिकन आणि त्याची चालली युरोपात. .३०३ च्या जुन्या लष्करी पुंगळ्या बहुतेक बर्डनच. पिशवीवरून एकदा लोहचुंबक फिरवला की पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी पुंगळ्याही वेगळ्या होतात.

बोल्ट बंद होत नाही

पुंगळी बुडाजवळ फुगलेली असेल, खास करून मशीनगनमधून उडालेली असेल तर. मशीनगनचं चेंबर मुद्दाम सैल असतं, म्हणून पुंगळी तिथं लांबतेही जास्त आणि फुगतेही. बुडापर्यंत आवळणारी स्मॉल बेस डाय लागते, आणि तारेची परीक्षा अशा मालाला आधी.

दुसरं कारण लांबी. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात. लांब राहिली तर मानेचं तोंड नळीच्या सुरुवातीला अडकून गोळीला आवळतं आणि दाब एकदम चढतो. त्यामुळं जोर लावून बोल्ट बंद करायचा नाही. व्हर्नियर घ्यायचा.

माल घेताना: मळकं घ्या, चकचकीत नको

हे सांगितल्यावर भाचा हसला होता. पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

तिकडं वापरलेल्या पुंगळ्या दोन रूपांत विकतात. एक, जशा रेंजवरून उचलल्या तशा, काळपट, प्रायमर आत असलेल्या. दोन, 'तयार' माल, धुतलेला, प्रायमर काढलेला, डायमधून काढलेला, कापलेला, आरशासारखा. दुसरा महाग असतो आणि लोक तोच घेतात, कारण कष्ट वाचतात. पण ज्या खुणांवरून पुंगळीचा इतिहास कळतो त्या सगळ्या त्या तयारीत पुसल्या गेलेल्या असतात. किती फुगली होती, कुठल्या चेंबरमधली, प्रायमर चपटा झाला होता का, सगळं गेलं. समोर राहतं ते नुसतं चमकणारं पितळ आणि विकणाऱ्याचा शब्द.

मळक्या लष्करी पुंगळीत मात्र एक पुरावा असतो जो सहसा खोटा निघत नाही. जुना प्रायमर आत आहे आणि त्याभोवतीचं दाबलेलं कडं अखंड आहे, म्हणजे ती पुंगळी एकदाच उडालीय. कारण परत भरायची तर ते कडं काढावंच लागतं, आणि घरी भरणारा ते परत मारत बसत नाही. 'एकदाच उडालेली' असं पाटीवर लिहिण्यापेक्षा हे कडं जास्त बोलतं. फोटो मागायचा तो बुडांचा मागा, मानेचा नको.

बुडावरची अक्षरं वाचा. 'एल सी' म्हणजे मिसुरीतला लेक सिटी कारखाना, शेजारचे दोन आकडे सालाचे, वर्तुळातला क्रॉस नाटोचा. एकाच कारखान्याचा, एकाच सालाचा माल मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. लष्करी पुंगळीची भिंत व्यापारी पुंगळीपेक्षा बहुधा जाड असते, म्हणजे आतली जागा कमी. दोन्ही मिसळून एकाच मापाची दारू घातली तर दाब सारखा येत नाही. लष्करी मालाला सुरुवात कमी मापानं करून हळूहळू वर जायचं, आणि माप छापील भरणी पुस्तकातूनच घ्यायचं, मित्राच्या व्हॉट्सॲपवरून नाही.

अंगावर लांबीच्या दिशेनं काळ्या समांतर रेघा दिसल्या तर ती जी-३ या जर्मन लष्करी रायफलीच्या घराण्यातली, तिच्या चेंबरमध्येच खोबणी असतात. तोंडाला मोठा पोचा असेल तर तोही कदाचित त्याच घराण्याचा प्रताप. भरता येतात, पण मी त्या घेणार नाही, त्यांना फार ओढाताण सोसावी लागते.

हजार नगांची .३०८ ची पिशवी साधारण अकरा किलो भरते. वजनावर विकत असतील तर एवढा हिशोब डोक्यात ठेवा, माती आणि खडे पितळेच्या भावानं घेऊ नका. पिशवीच्या वरच्या नाही, तळातल्या मूठभर पुंगळ्या बघा. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्याला सळई घालून आतला गूळ बघतात, ती सवय इथंही उपयोगी पडते. आणि सगळा माल हातावर पसरून एकदा तपासा, रेंजवरच्या ढिगात न उडालेलं काडतूस सापडतं. ते धुवायच्या ड्रममध्ये किंवा प्रेसमध्ये गेलं तर अनर्थ.

विकणाऱ्याला प्रश्न दोनच विचारा. कुठल्या हत्यारातून उडाल्या? सगळ्या एकाच ठिकाणच्या का? 'माहीत नाही' हे उत्तर प्रामाणिक आहे, त्यावर भाव करता येतो. 'एकदम नव्यासारख्या' हे उत्तर नाही.

धुणं

गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल पुरतं. आपल्या घरात पितळेची समई चिंचेनं घासतात त्यातलंच हे शास्त्र. आम्ल जास्त झालं किंवा जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी दिसायला लागतं. वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उघडं पडलंय, असा त्याचा अर्थ. हलकी छटा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या वेळी आम्ल कमी करा. सुक्या भुशाच्या ड्रमात धूळ उडते आणि त्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. तो ड्रम घरात नको, मुलं असतील तर अजिबात नको, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही.

जाता जाता एक, कारण इथली पोरं हटकून विचारतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकल्यापासून कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजचं नाव घराघरात निघायला लागलं, आणि त्यासोबत 'त्या उडालेल्या पुंगळ्यांचं काय करतात, परत भरतात का' हा प्रश्नही. नाही भरत. त्या .२२ च्या असतात. तिच्यात वेगळा प्रायमर नसतो, भडकणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो आणि पिन ती कडच चेचते. एकदा उडाली की तिची जागा मोडीत.

बाद ठरलेल्या रायफल पुंगळ्यांचंही तेच, पण एक काम करून मगच. पक्कडीनं मान चेपून टाका. नाही तर त्याच पुंगळ्या डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरत परत कुणाच्या तरी प्रेसवर येतात. तिकडचा भंगारवाला चेपलेलं पितळही त्याच भावानं घेतो.